रडणाऱ्या मुलाचा डोस

साल्ब्युटामॉल या दम्यावरच्या औषधाचा पंप एकदा दाबला की 100 मायक्रोग्रॅम औषध बाहेर पडतं. ग्रॅमचा दहा हजारावा भाग. छातीत घरघर असलेल्या दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडावर मास्क धरून हा फवारा दिला, तर त्यातलं किती औषध त्याच्या फुप्फुसात उतरतं? इस्रायलमधल्या डॉक्टरांनी 1996 साली याचा थेट माग काढला. त्यांनी औषधाला अगदी सौम्य किरणोत्सारी खूण लावली, दम लागलेल्या लहान मुलांना ते स्पेसर, म्हणजे पंपापुढे लावायचं पोकळ भांडं, आणि मास्कमधून दिलं आणि ते शरीरात कुठे कुठे जाऊन बसलं हे गॅमा कॅमेऱ्यातून पाहिलं. फुप्फुसांत पोहोचलेलं औषध भरलं सरासरी 2 टक्के. म्हणजे 100 मधले 2 मायक्रोग्रॅम. घसा आणि पोट मिळून जवळपास तेवढंच. उरलेलं बहुतेक सगळं स्पेसरमध्येच अडकून राहिलं होतं.

हा आकडा वाचून पंपावरचा विश्वास उडावा असंच कुणालाही वाटेल. मला मात्र तो आकडा पंपाच्या बाजूचा वाटतो, कारण एवढंसं औषध योग्य जागी पडलं तर आवळलेल्या श्वासनळ्या काही मिनिटांत सैल होतात. हेच औषध सिरपमधून द्यायचं तर 10 किलो वजनाच्या मुलाला एका वेळी साधारण 1 मिलिग्रॅम द्यावं लागतं, म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. ते आधी पोटात जातं, तिथून रक्तात, आणि मग अंगभर फिरतं. मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते, रात्रभर ते चुळबुळत राहतं, आणि श्वासनळ्यांपर्यंत औषधाचा गुण यायला वेळही बराच जातो. तरीही आपल्याकडे घरोघरी सिरपची बाटली बिनधास्त उघडली जाते आणि पंपाचं नाव काढलं की आजी कपाळाला हात लावतात.

उरलेले 98 मायक्रोग्रॅम कुठे जातात, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण फुप्फुसात उतरणारा भाग काही ठरलेला नसतो. तोच पंप, तोच स्पेसर, तेच मूल. एका वेळी त्याला चांगला डोस मिळतो आणि दुसऱ्या वेळी जवळजवळ काहीच नाही. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात तो डोस पंपातून बाहेर पडणारा असतो. मुलाला त्यातला किती मिळाला हे मास्क धरणाऱ्या हातावर आणि मुलाच्या त्या मिनिटातल्या श्वासावर अवलंबून असतं.

पंप मुळात तयार झाला तो एका मुलीच्या प्रश्नामुळेच. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. त्या काळी काचेच्या नळीत औषध घालून, रबरी फुगा दाबत दाबत त्याचे तुषार उडवावे लागत. केसांवर मारायचा स्प्रे डब्यातून आयता येतो, मग माझं औषध तसं का येत नाही, असं तिने 1955 मध्ये वडिलांना विचारलं. मेसन यांनी तो प्रश्न कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांपुढे ठेवला आणि 1956 मध्ये मेडिहेलर हा पहिला मोजका फवारा देणारा पंप बाजारात आला. आज जगभर वापरले जाणारे पंप त्याचेच वंशज आहेत.

पण तेरा वर्षांची मुलगी सांगितलेलं ऐकू शकते. पूर्ण श्वास सोड, पंप दाबताच सावकाश खोल श्वास घे, मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखून धर, एवढं ती करू शकते. खरं तर कित्येक मोठ्या माणसांनाही हे नीट जमत नाही. दीड वर्षाच्या मुलाकडून यातली एकही गोष्ट होणार नाही. दाबणं आणि ओढणं यांची वेळ जमवण्याची जबाबदारी मुलाच्या अंगावरून काढून घ्यायची असेल, तर मधे एखादं भांडं हवं, ज्यात फवारा सोडून ठेवता येईल आणि मूल आपल्या नेहमीच्या श्वासाने त्यातून औषध घेईल. ते भांडं म्हणजे स्पेसर.

स्पेसरचं दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही. पंपातून फवारा सुटतो तो ताशी 100 किलोमीटरच्या आसपास वेगाने. त्यातले थेंब सुरुवातीला मोठे असतात, कारण औषधाभोवती ते उडवणाऱ्या द्रवाचं आवरण असतं. श्वासाची वाट सरळ नसते. तोंडातून आत गेल्या गेल्या घशाशी काटकोनात वळण आहे, आणि घाटातल्या वळणावर भरधाव आलेला लोडेड ट्रक जसा वळायच्या ऐवजी सरळ कठड्यावर जातो, तसा जड आणि वेगवान थेंब घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतो. तो पुढे गिळला जातो. स्पेसरच्या पोकळीत मात्र फवाऱ्याचा वेग मरतो, आवरणाचा द्रव उडून जातो आणि थेंब लहान होतात. मोठे थेंब स्पेसरच्या भिंतीवर बसतात, जे एरवी घशात बसले असते. फुप्फुसात जाण्याजोगे कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे. माणसाच्या केसाची जाडी याच्या दहा-वीस पट तरी असते. म्हणजे इस्रायलमधल्या त्या मोजणीत स्पेसरमध्ये अडकलेलं औषध सगळंच वाया गेलं असं म्हणता येत नाही. त्यातला पुष्कळ भाग मुलाच्या घशात जायचा वाचला.

सगळाच नव्हे, कारण स्पेसर स्वतःही चांगलं औषध खातो. कोरड्या प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार साठतो आणि हवेत तरंगणारे बारीक कण तो भिंतीकडे ओढून घेतो. नवाकोरा, खोक्यातून नुकताच काढलेला, फडक्याने चकचकीत पुसलेला स्पेसर या बाबतीत सर्वांत वाईट. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या संशोधकांनी हे पद्धतशीर तपासलं आणि उपाय निघाला तो भांडी घासण्याच्या लिक्विड सोपचा. कोमट पाण्यात त्याचे दोन-चार थेंब टाकायचे, स्पेसर सुटा करून त्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचा, घासायचा नाही, बाहेर काढून तसाच निथळत उभा करायचा आणि रात्रभर वाऱ्यावर वाळू द्यायचा. साबणाचा अतिपातळ थर आत राहतो आणि तोच विद्युतभार साठू देत नाही. तोंडाजवळ येणारा मास्क तेवढा साध्या पाण्याने धुवायचा. हे महिन्यातून एकदा केलं तरी पुरतं. आपल्या बायकांना मात्र भांडं ओलं ठेवणं सहन होत नाही. स्पेसर धुतला की हात लगेच कोरड्या फडक्याकडे जातो, आणि त्या एका पुसण्याने धुण्याचा सगळा फायदा जातो. एका स्वीडिश कंपनीने हा प्रश्न मुळातून सोडवण्यासाठी मुलांकरता चक्क स्टीलचा स्पेसर काढला होता.

स्पेसर केवढा असावा, यालाही मुलाच्या छातीचं माप लागतं. 10 किलोचं मूल शांतपणे एक श्वास घेतं तेव्हा 60 ते 80 मिलिलिटर हवा आत जाते, अर्ध्या कपाहूनही कमी. मोठ्या माणसांचा 750 मिलिलिटरचा स्पेसर रिकामा करायला त्याला दहा-बारा श्वास लागतील आणि तोवर औषध खाली बसलेलं असेल. म्हणून लहान मुलांचे स्पेसर दीडशे मिलिलिटरच्या आसपासचे असतात. अशा स्पेसरमधून चार-पाच शांत श्वासांत काम होतं. दोन फवारे एकदमही सोडायचे नसतात. पंप हलवायचा, एक फवारा, पाच श्वास, पुन्हा हलवायचा, मग दुसरा. घाईत दोनदा दाबलं तर कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात आणि मिळणारं औषध दुप्पट होत नाही.

स्पेसर परवडत नाही म्हणून कुणाचा डोस चुकू नये, यासाठी केपटाऊनमध्ये झालेलं काम मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं. तिथल्या रेड क्रॉस वॉर मेमोरियल बालरुग्णालयात हेदर झार या बालफुप्फुसरोगतज्ज्ञ आहेत. गरीब वस्त्यांतून येणाऱ्या मुलांच्या घरी स्पेसर नसायचे, पण थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या कुठेही मिळत. झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 500 मिलिलिटरची बाटली घेतली. पंपाच्या तोंडाच्या आकाराची जाड तार वाकवून तापवली आणि ती बाटलीच्या बुडाला टेकवून तिथे नेमक्या त्या मापाचं भोक पाडलं. प्लॅस्टिक मऊ असतानाच पंपाचं तोंड त्यात बसवलं आणि कडेने गोंद लावून हवा जायला फट ठेवली नाही. बाटलीच्या गळ्याला मुलाने तोंड लावायचं. दम्याचा झटका आलेल्या मुलांवर या बाटलीची आणि कंपनीच्या स्पेसरची तुलना करून त्यांनी 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. गोंदाने बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली. थर्मोकोलचा कप मात्र अगदीच कमी पडला, आणि नेमका तोच कप अनेक गरीब देशांत सर्रास वापरला जात होता. घरगुती उपाय म्हटला की आपण एक तर डोळे झाकून स्वीकारतो किंवा नाक मुरडतो. झार यांनी तो मोजून पाहिला आणि कुठला चालतो, कुठला चालत नाही हे सांगितलं. आपल्याकडे साधा स्पेसर काहीशे रुपयांत मिळतो, तरी आदिवासी पाड्यावरच्या एखाद्या आरोग्य केंद्रात स्पेसर संपलेले असतील तर तिथल्या डॉक्टरांना ही बाटली माहीत असायला हवी.

आता मास्क. तीन-चार वर्षांखालच्या मुलाला नळी ओठांत घट्ट धरून तोंडाने श्वास घेणं जमत नाही, म्हणून मास्क लावावाच लागतो. तो गालांना आणि हनुवटीला सगळीकडून नीट टेकला नाही, तर मूल सोप्या वाटेने, फटीतून, बाहेरची हवा ओढतं आणि स्पेसरची झडप उघडतच नाही. फट बहुतेक वेळा नाकाच्या दोन्ही बाजूंना राहते. मूल मास्क ढकलतंय म्हणून तो चेहऱ्यापासून जरा लांब धरायचा, समोरून औषध जातंच आहे अशी समजूत करून घ्यायची, हे घरीही चालतं आणि दवाखान्यातही. नेब्युलायझरवर, म्हणजे औषधाचं धुकं करणाऱ्या मशीनवर, झालेल्या प्रयोगांत मास्क चेहऱ्यापासून 1 सेंटिमीटर दूर नेला तर मिळणारं औषध निम्म्यावर आलं, 2 सेंटिमीटरवर आणखी पुष्कळ घटलं. बोटभर अंतरावरून जाणाऱ्या धुक्याने आईच्या मनाला बरं वाटतं, मुलाच्या छातीला त्याचा उपयोग नसतो.

आणि मूल रडत असेल तर? याबद्दल एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. रडताना मूल मोठमोठे श्वास घेतं, म्हणजे औषध उलट जास्त आत जातं, असं अनेक पालक म्हणतात आणि अनुभवी नर्सही म्हणतात. रडण्याकडे नीट लक्ष देऊन पाहा. आवाज निघतो तो श्वास सोडताना, आणि तो सूर लांबच लांब चालतो. मधे एक छोटा, झटक्याचा श्वास आत घेतला जातो. म्हणजे बहुतेक वेळ हवा बाहेर येते आहे, आणि आत जाते तेव्हा ती इतक्या वेगाने जाते की कण घशावरच आदळतात. मग मूल ते गिळून टाकतं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तान्ह्या मुलांना क्रोमोग्लायकेट हे औषध फवाऱ्यातून दिलं होतं. हे औषध निवडण्यात युक्ती होती. ते पोटातून फारसं रक्तात जात नाही, फुप्फुसातून जातं, त्यामुळे लघवीत किती उतरलं यावरून फुप्फुसात किती पोहोचलं ते कळतं. रडलेल्या बाळांच्या लघवीत ते बरंच कमी निघालं.

मग झोपेत द्यावं का? ही कल्पना प्रत्येक थकलेल्या आईला सुचते. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांवर हे करून पाहिलं. बरीचशी मुलं मास्क लागताच जागी झाली आणि घाबरून जास्तच झगडली. काही मुलं गाढ झोपेत शांतपणे औषध घेतात, त्यांच्या घरी ही सोय चालू शकते. बाकीच्यांसाठी झोपेतून मास्कने उठवलं जाणं म्हणजे दुसऱ्या दिवशी मास्क दिसताच पळ काढायला कारण.

राहतो तो एकच मार्ग, मुलाला मास्कची भीती वाटणार नाही असं करणं. याला काही दिवस लागतात आणि ते मूल बरं असतानाचे दिवस असावे लागतात. पहिल्या दिवशी पंप न जोडता नुसता मास्क त्याच्या हातात खेळायला द्यायचा. मूल तो चावेल, डोक्यावर घालेल. मग आईने स्वतःच्या तोंडाला लावायचा, बाहुलीला लावायचा, आजोबांना लावायचा. नंतर मुलाला मांडीवर, त्याची पाठ आपल्या छातीला टेकवून बसवायचं, एका हाताने त्याचं कपाळ हलकेच आपल्याकडे धरायचं आणि दुसऱ्या हाताने मास्क खालून, हनुवटीकडून वर आणत गालांवर टेकवायचा. समोरून, डोळ्यांवर चालून येणारा मास्क मुलाला घाबरवतो. झडप प्रत्येक श्वासाला हलते, काही स्पेसरमध्ये ती डोळ्यांना दिसते. ती पाच वेळा हललेली मोठ्याने मोजायची. मोजण्याचा सूर रोज तोच ठेवला तर अडीच वर्षांचं मूल स्वतःच ‘पाच!’ म्हणून मास्क काढून टाकतं, आणि तोवर औषध देऊन झालेलं असतं.

रोजच्या औषधाच्या वेळी मूल रडू लागलं तर थांबावं, त्याला शांत होऊ द्यावं, दहा मिनिटांनी द्यावं. झटका आलेला असेल, बरगड्या ओढल्या जात असतील, तेव्हा थांबत बसू नये. डॉक्टरांनी लिहून दिलेले फवारे द्यावेत. झटक्यात फवारे जास्त आणि पुन्हा पुन्हा सांगितलेले असतात, त्यामागे हेही एक कारण आहे की त्यातले काही वाया जाणार हे धरलेलं असतं. ओठ निळे पडले, मूल बोलू किंवा दूध पिऊ शकत नाही, किंवा फवाऱ्याचा गुण तीन-चार तासही टिकत नाही, तर सरळ रुग्णालय गाठावं.

रुग्णालयात गेल्यावर बहुतेक पालक मशीन लावा म्हणतात. नेब्युलायझरचा आवाज येतो, धूर दिसतो, दहा मिनिटं काहीतरी चाललेलं असतं, त्यामुळे त्यात जास्त ताकद आहे असं वाटतं. ख्रिस्तोफर केट्स आणि सहकाऱ्यांनी कॉक्रेन संस्थेसाठी अशा तुलनांचा आढावा घेतला. 2013 च्या आवृत्तीत 39 चाचण्या होत्या आणि त्यांत 1897 मुलं. स्पेसरमधून पंप घेतलेल्या मुलांना तातडीच्या विभागात सरासरी अर्धा तास कमी थांबावं लागलं, त्यांच्या नाडीचे ठोकेही कमी वाढले आणि दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण नेब्युलायझरपेक्षा जास्त नव्हतं. अत्यंत गंभीर झटक्यात ऑक्सिजनसोबत नेब्युलायझर लागतोच. घरात रोज वापरायला मात्र स्पेसर पुरेसा आणि स्वस्त आहे, आणि तो वीज गेल्यावरही चालतो. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. गरम पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाकवून दिलेल्या वाफेचा या सगळ्याशी संबंध नाही. त्यात औषध नसतं आणि पातेलं उपडं होऊन मुलं भाजतात.

राहिली भीती स्टिरॉइडची. श्वासनळ्यांची सूज कमी ठेवणारं रोजचं औषध स्टिरॉइड असतं हे खरं. बुडेसोनाइड या अशा औषधाचे दिवसाचे 200 मायक्रोग्रॅम आणि झटक्यात 15 किलोच्या मुलाला तोंडावाटे दिलं जाणारं प्रेडनिसोलोन, दिवसाला किमान 15 मिलिग्रॅम म्हणजे 15,000 मायक्रोग्रॅम, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ही दोन औषधं एकसारख्या ताकदीची नाहीत, बुडेसोनाइड बरंच प्रभावी आहे, तरीही अंगभर फिरणाऱ्या मात्रेतलं अंतर फार मोठं राहतं. रोजचं औषध टाळलेल्या मुलावर ते दुसरं औषध पुन्हा पुन्हा घ्यायची पाळी येऊ शकते. उंचीवर परिणाम होतो का? थोडा होतो. दम्याच्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केलेल्या अमेरिकी अभ्यासात, बुडेसोनाइड वर्षानुवर्षं घेतलेल्यांची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटर कमी भरली. हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. पालकांपासून हे लपवू नये. रात्र रात्र बसून श्वास घेणाऱ्या मुलाच्या जेवणाझोपेचं आणि शाळेचं काय होतं तेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, निर्णय ते करू शकतात. औषध दिल्यावर चूळ भरायला लावणं किंवा पाणी पाजणं आणि मास्कखालचा चेहरा ओल्या कपड्याने पुसणं एवढं केलं की तोंडातली बुरशी आणि त्वचेचा त्रास टळतो.

एवढ्याशा पोराला मोठ्यांइतकेच दोन फवारे कसे, हा प्रश्नही आई-वडील विचारतात, आणि तो रास्त आहे. डेन्मार्कमध्ये हान्स बिसगार्ड आणि सहकाऱ्यांनी त्याच स्टीलच्या स्पेसरमधून दोन वर्षांच्या मुलांपासून मोठ्या माणसांपर्यंत सर्वांना सारखंच बुडेसोनाइड देऊन रक्तातलं औषध मोजलं. ते साधारण सारखंच आलं. लहान मुलाचं नाक जास्त गाळतं, वाटा अरुंद असतात, श्वास छोटा असतो, त्यामुळे फवाऱ्यातला त्याच्या वाट्याला येणारा हिस्सा आपोआप लहान होतो. वजनावरून गणित करून घरच्या घरी फवारे कमी करणारे पालक म्हणूनच मुलाला अर्धपोटी ठेवतात.

पंपातली औषधाची डबी संपली हे कसं ओळखायचं, तेही विचारून घ्यावं. पाण्यात टाकून ती तरंगते का बघण्याची पद्धत जुन्या पंपांच्या काळातली आहे, आताच्या पंपांना ती लागू पडत नाही आणि पाण्याने तोंड चोंदतं ते वेगळंच. कानाशी हलवूनही कळत नाही, कारण औषध संपल्यावरही उडवणारा वायू काही फवारे मारत राहतो आणि मूल रिकामी हवा घेत राहतं. काही पंपांवर उरलेले फवारे दाखवणारे आकडे असतात. नसतील तर 200 फवाऱ्यांची डबी, रोज सकाळी दोन आणि रात्री दोन, असा हिशेब करून कॅलेंडरवर पन्नासाव्या दिवशी खूण करावी आणि त्याआधी दोन दिवस नवी आणून ठेवावी.